पऱ्हाट्यांखालची विहीर

"आनखी टाक. हाऊ कोपरा उघडा दिखी ऱ्हायना." दगूबाईने पऱ्हाट्यांची मोळी उखाच्या अंगावर जवळजवळ फेकलीच. बांधापलीकडून मोजणीच्या साखळीचा खळखळाट जवळ येत होता.

"माय, या सारावाला नही शेतस. धरननी मोजनी शे ही."

"सरकारनाच शेतस ना? मंग टाक."

उखा टाकत राहिला. एका पोरीचा बाप झाला होता, पण आईपुढे त्याचं चालायचं नाही. बघता बघता विहिरीचं तोंड बुजलं आणि तिथे कापसाच्या वाळक्या काड्यांचा एक साधासुधा ढीग उरला. मोटेचं चाक आणि नाडा केव्हाच घरात, कोठीमागे जाऊन बसले होते.

ही विहीर दगूबाईच्या नवऱ्याने, रतिलालने खणलेली. लेव्हीच्या वर्षांत सरकारी माणसांनी त्याच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून ज्वारी मोजून नेली, तेव्हापासून कागद घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्याला चोर वाटायचा. तीन उन्हाळे खपून त्याने पाणी काढलं. पाणी लागल्याचा गूळ वाटला, तोही दार लावून. "कागदवर हीर चढनी का शेतसारा चढना," असं तो म्हणायचा. पाणी लागलं त्याच सालच्या पावसाळ्यात तापाने गेला. जाताना पाणी मागितलं, दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "हीरनं कोन्हले सांगू नको."

अकरा वर्षं दगूबाईने ते सांभाळलं. मोट चालायची ती पहाटे, कोंबड्याच्या आधी. चाक कुरकुरू नये म्हणून रोज त्याला एरंडेल. तलाठी पीकपाहणीला आला की तिचं ठरलेलं उत्तर, "काय पिकस आठे? दगड." त्यामुळे सातबाऱ्यावर तापीकाठची ती काळी जमीन जिरायत म्हणूनच नांदत होती.

मोजणीचा कारकून चष्मेवाला होता, बोलायला मऊ. मिरचीच्या वाफ्यापाशी तो थांबला.

"आजी, चैत्र चाललाय. मिरची एवढी हिरवीगार कशी?"

"देवनी दया."

"देवाने पाटही काढून दिलेला दिसतो." त्याने ओल्या सरीकडे बोट केलं. मग ढिगाऱ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "विहीर असेल तर सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

झालं. या एका वाक्याने दगूबाईची खात्रीच पटली. सरकारी माणूस आपल्या फायद्याचं बोलायला लागला की आधी कणगी सांभाळावी.

"हीर नही," ती म्हणाली, आणि पंचनाम्यावर अंगठा उठवून मोकळी झाली. त्या संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापताना ती मधूनच हसत होती.

नोटीस आली ती दिवाळीनंतर. उखाने ओसरीवर बसून वाचली. खाली गुजरातेत धरण होणार, पाणी इथवर चढणार, जमिनी जाणार, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. भाव तेवढा ठाऊक नव्हता. दगूबाईची जमीन जिरायत धरली होती. शेजारच्या चुनीलालची बागायत. मध्ये फक्त एक बांध, पण त्याच्या एकराला तिच्या दुपटीहून जास्त मोबदला. त्याने आपली विहीर पहिल्याच वर्षी कागदावर चढवली होती. म्हणून दगूबाई त्याला 'सरकारचा जावई' म्हणायची.

"या पैसास्मा नवा गावमा काय मिळी?" उखा म्हणाला. "खडकाळ माळ. पानी बिगरना."

"चुनीलालनी कारकूनले फोडं व्हई."

"माय, अंगठा चुनीलालना नही शे. तुन्हा शे."

दोन दिवस दगूबाई वावरात गेली नाही. नात मांडीवर येऊन बसायची, तिलाच थोपटत राहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तकरार लिख."

सुनावणी चावडीत झाली. धुळ्याहून आलेले साहेब टेबलामागे, बाजूला तोच चष्मेवाला कारकून, आणि भिंतीला टेकून अर्धं गाव.

"बाई, पंचनाम्यात तुम्हीच सांगितलंय, विहीर नाही."

"तव्हय नही व्हती."

"म्हणजे?"

"लपाडेल व्हती."

चावडी हसली. साहेब हसले नाहीत. "किती वर्षं?"

"अकरा."

"कशासाठी?"

"सारा वाढी म्हनीसन."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, स्वतःच्या खर्चाने खणलेल्या विहिरीवर सारा वाढत नसतो. तेव्हाही वाढत नव्हता."

दगूबाईने त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. हा माणूस खोटं बोलत असावा, असं तिला फार वाटलं. खोटं असतं तर बरं झालं असतं. पण साहेबांना त्यात काही मिळवायचं नव्हतं.

"खणली कोणी?"

"उखाना बापनी." नवऱ्याचं नाव तिने आजवर घेतलं नव्हतं, सरकारपुढे तर घेणारच नव्हती.

"नोटिसा निघाल्यापासून या भागात आठ-आठ दिवसांत विहिरी उगवायला लागल्यात," साहेब म्हणाले. "तुमची जुनी कशावरून? कोणी पाहिलीय?"

कोणी पाहिलीय? कोणी पाहू नये यातच तर तिची अकरा वर्षं गेली होती.

मागून चुनीलाल उठला. दगूबाईला वाटलं, आता हा सरकारचा जावई सगळे टोमणे फेडणार.

"साहेब, रतिलालभाईनी खनेल शे. अकरा वरीस व्हई गयात."

"तुम्ही पाहिली?"

"देखी नही. ऐकी."

"ऐकली?"

"वहिनी चाकले तेल दे, तेनामुळे चाक वाजे नही. पन मोट रिती व्हस तव्हय पानी तर वाजस ना, साहेब. पानीले कोन तेल दी?"

आता हसण्यात साहेबही होते. "मग इतकी वर्षं तलाठ्याला का सांगितलं नाहीत?"

"माले कोन्ही इचारं नही," चुनीलाल म्हणाला आणि खाली बसला.

दगूबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो तंबाखू मळत होता.

दुपारी साहेब आणि कारकून वावरात आले. उखा पुढे झाला, पण तिने त्याला हाताने मागे सारलं आणि पऱ्हाट्या स्वतःच उपसल्या. भरदिवसा त्या पाण्यावर ऊन पडलं. दगडांवर जुनं, जाड शेवाळ होतं. सांध्यातून पिंपळाचं रोप निघून मनगटाएवढं झालं होतं. कारकुनाने ते साहेबांना दाखवलं; साहेबांनी 'जुनी आहे' म्हणून मान डोलावली. दोर सोडून खोली मोजली. उखाने बादलीने पाणी शेंदलं. साहेब ओंजळीने प्यायले, आणि दगूबाई त्यांचा चेहरा निरखत राहिली.

"पाणी गोड आहे हो."

"मंग लिखा."

कारकून नव्या पंचनाम्यावरून बोट फिरवत गेला. खोली, रुंदी, बांधकाम. गोडीला रकाना नव्हता. "आजी, याला जागा नाही इथे."

"बाजूले लिखा."

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग कडेला काहीतरी लिहिलं. दगूबाईने कागद त्याच्या हातातून घेतला आणि उखापुढे धरला. "वाच. काय लिखं?"

"पानी गोड शे, असंच लिखं, माय."

मग तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मोट जोडली. तापीचं पाणी इथवर चढायला अजून दोन-तीन पावसाळे होते, मिरचीला आज पाणी हवं होतं. उखा सवयीने एरंडेलाची वाटी घेऊन आला.

"ऱ्हाऊ दे," दगूबाई म्हणाली.

बैल उतरले, नाडा ताणला, आणि चाक असं करकरलं की बांधापलीकडे चुनीलालने मान वर केली. दगूबाई नातीला मांडीवर घेऊन विहिरीच्या काठाशी बसली. आपल्या चाकाचा आवाज कसा आहे, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.