धोंडीबाईची रोजची भेट

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जव्हारकडच्या वांगणी गावात धोंडीबाईच्या घरी, चुलीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझा कोपरा फुटला आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. जव्हारच्या बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या शकीलभाईंनी मला नवी काच बसवली आणि भिवंडीच्या गोदामात हमाली करणाऱ्या मंगेशने मला आपल्या आईसाठी घेतले.

तेव्हा गावात रेंज नव्हती. ती माळावरच्या खडकापाशी मिळे. संध्याकाळी चार-पाच बाया मिळून वर चढायच्या. एकीचा फोन चाले, बाकीच्या कान देऊन ऐकायच्या नि हसायच्या. कोणाला ताप आहे, कोणाकडे पाहुणा आला, सारे तिथे कळे. फोनवर बोलणे तुटक ऐकू येई, म्हणून मंगेश महिन्याला एसटी पकडून घरी यायचा.

मग टॉवर आला. रेंज थेट घरात पोहोचली. माझे केवढे कौतुक झाले! रोज दिवेलागणीला मी मायलेकांना एकमेकांची तोंडे दाखवू लागलो. छाती फुगवून सांगतो, एक दिवस चुकलो नाही. पण बायांनी माळाची वाट सोडली. जी ती आपल्या घरात बसून बोलू लागली. मंगेश दिवाळीला आला नाही. "आये, रोज भेटतोच की आपण," म्हणाला. शिमग्यालाही आला नाही. धोंडीबाई "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाल्यावरही मला मांडीवर घेऊन बसून राहिली.

पुढे चैत्रात लाकडे आणताना तिच्या पायात काटा मोडला. पाय सुजून काळानिळा पडला. ती मला डब्याला टेकवून ठेवी, पाय मागे घेई आणि हसून बोले.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे रं."

माझ्या काचेत मावत होता तेवढा हसरा चेहरा मी इमानाने भिवंडीला पोहोचवत राहिलो.

बाराव्या दिवशी शेजारची रुपी काडेपेटी मागायला आली, तेव्हा मंगेशचा फोन चालूच होता. तिची नजर पायावर गेली.

"मावशे, हा पाय कधीचा असा?"

"हळू बोल गं. त्याला कळलं तर कामाचे खाडे होतील."

रुपीने ऐकले नाही. तिने मला उचलून सरळ पायासमोर धरले. मंगेश ओरडला,

"आये, रोज तर बघतो मी तुला!"

"तोंड बघतोस रं," धोंडीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगेश दारात हजर. आईला पाठीवर घेऊन तो पक्क्या रस्त्यापर्यंत चालला आणि तिथून त्याने जीपने तिला जव्हारच्या दवाखान्यात नेले. "आणखी दोन दिवस गेले असते, तर पाय राहिला नसता," डॉक्टर म्हणाले. पाय राहिला. मंगेशने पंधरा दिवस कामाची आठवण काढली नाही. रुपीही आता रोज संध्याकाळी धोंडीबाईच्या ओट्यावर येऊन बसते, आणखी दोघींना घेऊन.

मित्रांनो, मला टाकून द्या असे मी म्हणणार नाही. मी कामाचा आहे आणि मला ते ठाऊक आहे. पण माझ्या भरवशावर आपल्या माणसांकडे जायचे टाळू नका. त्यांची दुखणी जवळ बसल्यावरच दिसतात.

परवा मंगेश घरी आला होता. मायलेक अंगणात सुपात नागलीचे दाणे पाखडत होते. मी फळीवर वाजलो, पुन्हा वाजलो आणि गप्प झालो. कोणी उठले नाही. मला जराही वाईट वाटले नाही.