चकली तेलात विरघळली त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. चकल्या पाडणं हे माझं काम. सध्या माझा मुक्काम दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला सुजाताच्या स्वयंपाकघरात आहे. माझा जन्म मात्र चिपळूणच्या एका तांबटाच्या दुकानातला. सुजाता लग्न होऊन दुबईला निघाली, तेव्हा सासूबाईंनी मला तिच्या साड्यांत गुंडाळून दिलं. विमानतळावर तपासणीच्या माणसाने मला उलटसुलट करून पाहिलं. "ये क्या है?" सुजाता म्हणाली, "इससे चकली बनती है, भाईसाब." तो माणूस हसला आणि मी सुटलो.

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत आमचं घर होतं. सुजाताचे यजमान मधू रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. एका वर्षी त्यांच्या कंपनीत पगार थांबला, तो तब्बल सात महिने.

"खलास," मधू म्हणाले. "सोडतो नोकरी."

"सोडू नका. नव्या कंपनीत तुमची वर्षं पुन्हा एकपासून मोजतील. मग निवृत्त होताना ग्रॅच्युइटी कितीशी मिळणार? घराचं मी बघते."

आणि तिने मला हातात घेतलं. त्या सात महिन्यांत घरभाडं चकल्यांवर निघालं. त्यांची मुलगी केया, तिच्या शाळेची फीसुद्धा. लोक चकल्यांचं कौतुक करत, माझं कुणी करत नसे. पण सुजाता मला रोज धुऊन कोरडं पुसायची. मला तेवढं पुरे होतं.

पुढे त्या दोघांचं पटेनासं झालं. मधूंच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी संमतीने वेगळं व्हायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर कराराचा कागद आला. मी तिथेच वाळत पडलो होतो.

"ग्रॅच्युइटी दोन लाख दिरहम, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख रुपये," मधू म्हणाले. "ती माझी. नोकरी मी केली."

"निम्मी माझी. ती नोकरी टिकवली कोणी?"

"चार चकल्या विकल्यास, त्याचं किती सांगशील?"

"चार का? मग हा सोऱ्या ठेवा. तुमच्या आईचाच आहे. आधी चार चकल्या पाडून दाखवा, मग सहीचं बोलू."

"बाबा, यू आर सो फिनिश्ड," केया म्हणाली.

सुजाता बहिणीकडे उम्म अल कुवैनला गेली. शनिवारी मधूंनी बाह्या वर केल्या. आधी माझ्यात शेवेची चकती बसवली. ती काढून चांदणीची बसवायला अर्धा तास गेला. मग चकली तेलात सोडली, तर ती विरघळून गेली. दुसरीही गेली. अकरावी गेल्यावर त्यांनी चष्म्यावरचं पीठ पुसलं आणि फोन लावला.

"सुजाता, पीठ खराब आहे. चकली तेलात विरघळतेय."

"मोहन किती घातलंत?"

"पेलाभर तेल. चांगलं कडकडीत."

पलीकडून हसू आलं. ते हसू मी दोन वर्षांनी ऐकत होतो. "अहो, चमच्याने घालतात ते."

"तू दिवसाला किती पाडायचीस गं?"

"तीनशे. केयाला शाळेतून आणून, मग."

मधूंनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "निम्मी तुझी. सोमवारी कागदावर तसं लिहून सही करतो."

"आणि सोऱ्या?"

"तो पण ने. माझं ऐकत नाही तो."

त्यांनी सोमवारी सही केली. ते वेगळे झाले ते झालेच. पण आता दर महिन्याला मधू इथे येतात आणि गिऱ्हाइकासारखे दारात उभे राहून चकलीचा डबा नेतात. परवा त्यांनी नवा सोऱ्या घेऊन स्वतः पाडलेल्या दोन चकल्या चाखायला आणल्या होत्या. "एक तरी धड आहे," सुजाता म्हणाली, आणि दोन्ही खाल्ल्या.

मित्रांनो, मला वापरल्यावर कोरडं पुसून ठेवा, ओलाव्याने मी काळा पडतो. आणि तुमच्या घरात जे माणूस रोज चकल्या पाडतं, त्याला मोहन किती घालायचं ते विचारून घ्या. फोन उचलायला ते माणूस आहे, तोवरच विचारा.