साखरेची एकादशी

हातखंब्याहून आत तीन किलोमीटरवरच्या वाडीत सगुणा ही सरकारी आरोग्यसेवेची आशाताई होती. तिच्या वहीत डायबेटिसचे बासष्ट पेशंट होते, आणि त्या बासष्टांची पथ्यं, सुना आणि सबबी तिला तोंडपाठ होत्या.

डॉक्टर अजिंक्य, एक नर्स, आहार सांगणारी एक मुलगी आणि सगुणा, अशी चौघांची टीम एका संस्थेनं तीन वर्षांपूर्वी उभी केली होती. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात तपासणी व्हायची. आकडे इतके छान यायचे की डॉक्टरांनाच कधी कधी मशीनची शंका यायची. आता ही टीम पुढची तीन वर्षं चालवायची की बंद करायची, हे ठरवायला मुंबईहून दिशा मॅडम येणार होत्या. बंद झाली तर गोळ्यांसाठी पुन्हा रत्नागिरी, एसटी, रांग, आणि मग कंटाळून 'पुढच्या महिन्यात बघू'. सगुणाच्या वडिलांनी असंच पुढच्या महिन्यावर ढकलत ढकलत उजवा पाय गमावला होता.

म्हणून रविवारी ती घरोघर फिरली आणि दारात उभी राहून नेहमीचंच बोलली, "मंगळवारी या हो, आणि माझं नाव राखा!"

मंगळवारी सगळे आले. अठ्ठ्याण्णव, एकशे दोन, एकशे आठ. सगुणा मनातून फुलून गेली, उगाच खोटं कशाला बोला! दिशा मॅडम डॉक्टरांबरोबर जुन्या वह्या बघायला वर्गात गेल्या, आणि इकडे रांगेतले केरूकाका भिंतीला टेकत टेकत खालीच बसले. अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापत होते. सगुणानं धावत जाऊन बोट टोचलं. बावन्न! नर्सनं घाईघाईनं साखरेचं पाणी पाजलं. जरा वेळानं काकांनी डोळे नीट उघडले आणि पहिलं काय विचारावं?

"किती आला गो?"

"आकडा गेला खड्ड्यात! काल काय जेवलात?"

काकांची बायको चिमाकाकी पुढे झाली.

"रविवार रातपास्नं भाताला हात लावलान नाय. नुसता ताक पितायत. सकाळची गोली तेवढी घेतलान."

"उपाशीपोटी गोळी? अगं काकी, का पण?"

"तूच सांगतेस ना, नाव राखा म्हणून! आमी सगलीच करतो. साखरेची एकादशी. तीन वर्सं झाली की आता."

सगुणानं रांगेकडे पाहिलं. बहुतेकांच्या माना खाली गेल्या होत्या. तीस दिवस पाळायचं पथ्य या माणसांनी दोनच दिवस पाळलं होतं, आणि तेही तिच्यासाठी. तिला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. काका इथे बसले म्हणून ठीक, घरी एकटे पडले असते तर?

डॉक्टरांबरोबर दिशा मॅडम बाहेर आल्या. "सगुणाताई, तीन महिन्यांची साखर कळते अशी एक तपासणी आहे. वीस जणांचीच होईल. नावं तुम्हीच सांगा."

खरोखर महिनाभर पथ्य पाळणारे वीस जणही वाडीत होते. तेही सगुणाला तोंडपाठ होते. जिभेवर पहिलं नाव आलंसुद्धा. तेवढ्यात तिचं लक्ष केरूकाकांच्या भेगाळलेल्या अनवाणी पायांकडे गेलं.

"पहिले केरूकाका लिहा," ती म्हणाली. "मग रांगेत बसलेत तसे घ्या. आणि मॅडम, सकाळचे आकडे खरे नाहीत." तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर अजिंक्य ऐकता ऐकता बाकावर बसले.

वीसपैकी चौदा जणांची साखर वाढलेली निघाली.

"हे मला अहवालात लिहावं लागेल," दिशा मॅडम म्हणाल्या.

"लिहा."

"बासष्टच्या बासष्ट जण आले होते, तेही लिहीन."

महिन्याभरानं पत्र आलं. तीन वर्षं काही मिळाली नाहीत, सहा महिने मिळाले. त्यातही अट अशी, की आता तपासणी न सांगता, घरी जाऊन करायची.

त्याच आठवड्यात, गुरुवारी भरदुपारी सगुणा केरूकाकांच्या पडवीत जाऊन उभी राहिली. काकांच्या पुढ्यात भाताचा डोंगर आणि बांगड्याचं कालवण. त्यांनी ताट पाठीमागे सारायचा प्रयत्न केला, पण कालवण सांडेल म्हणून मध्येच थांबले. मग मुकाट्यानं डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

दोनशे चौदा.

काकांचा चेहरा पडला. "तुजा नाव घालवलं गो."

"नाव मरू दे, काका. मला तुमचे पाय राखायचेत."

तिनं वहीत दोनशे चौदा लिहिलं, ताटातला अर्धा भात काढून चिमाकाकीच्या हाती दिला, आणि काकांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.