दोन खाचे

लेकीने नव्या कॉम्प्युटरच्या यादीतल्या चौथ्या ओळीवर आडवी रेघ ओढली आणि सुतार खुर्चीत पुढे सरकला.

“ग्राफिक्स कार्ड उडवलं,” ती म्हणाली. “एकट्याने निम्मं बजेट खाल्लं होतं. फर्निचरची ड्रॉइंग काढायला एवढं कशाला, बाबा?”

“फिरवून बघावी लागतात ती. सगळ्या बाजूंनी.”

“त्याला प्रोसेसर पुरेल.”

“आणि गोल कपाट आलं तर?”

“चाळीस वर्षांत किती गोल कपाटं केलीत?”

सुतार छताकडे बघू लागला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि एकदा ड्रॉइंगचं सांगून बसल्यावर आता माघारही घेता येत नव्हती.

खरी गोष्ट वेगळीच होती. पॉलिशवाला चमक्या सहा महिन्यांपूर्वी लांबच्या गावी मुलाकडे राहायला गेला. तीस वर्षं दोघांनी जोडीने कामं केली. याने घडवायचं, त्याने चमकवायचं, आणि अकराचा चहा एकमेकांच्या कामाला नावं ठेवत प्यायचा. आता चमक्या मुलाच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम खेळतो. दोन घरांतून दोघांना एकाच रस्त्यावर ट्रक काढता येतात, वर गप्पाही होतात. “एकटाच हाकतोय रे, ये की,” असं तो दर फोनला म्हणायचा. पण त्रेसष्टाव्या वर्षी पोरीला ‘मला गेम खेळायचाय’ कोणत्या तोंडाने सांगायचं?

“मग देऊ ऑर्डर?” लेकीने फोन हातात घेतला. “थांबा, आधी कॉम्प्युटरचा खोका टेबलाखाली मावेल का बघू.”

नवं टेबल सुताराने आठवडाभर खपून केलं होतं. ती खाली वाकली आणि कडेवरून हात फिरवता फिरवता थांबली.

“बाबा, इथे खालून दोन खाचे कशाला पाडलेत?”

सुताराने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. वायरींसाठी म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण स्वतःच्या टेबलाबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

“स्टिअरिंगच्या क्लॅम्पला,” तो म्हणाला. “चमक्याने माप सांगितलं फोनवर.”

“कसलं स्टिअरिंग?”

“ट्रकचं. गेममधल्या.”

लेक टेबलाखालून लगेच बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा ती हसत होती, पण डोळे पुसत.

“म्हणजे गोल कपाट नाही.”

“नाही.”

“अहो बाबा, मग आधी सांगायचं ना! कार्डाशिवाय तुमचा ट्रक रडत चालला असता, आणि मी खुशाल ऑर्डर देत होते.”

सुताराचा जीव भांड्यात पडला. काय मूर्खासारखं घाबरत होतो आपण, असं त्याला वाटलं आणि तोही हसू लागला.

तिने कार्ड पुन्हा लिहिलं. आतले रंगीत दिव्यांचे पंखे काढून साधे घेतले. तरी बजेटात बसेना, तेव्हा तिने यादीतून सरळ खोकाच कापला.

“हा तुम्हीच करा. भोकं मात्र मी सांगेन तिथे. आत हवा खेळली पाहिजे.”

ती चहा टाकायला गेली तसा त्याने फोन लावला.

“कळलं तिला,” तो म्हणाला.

“मग? रागावली?” चमक्याने विचारलं.

“छे रे! कार्ड घेतेय. खोका मला करायला सांगितलाय. उरलेल्या सागवानात करतो.”

चमक्या जोरात हसला. मग त्याने विचारलं,

“आणि पॉलिश कोण मारणार?”

“कोण म्हणजे?”



“दोन हात मारावे लागतील,” चमक्या म्हणाला. “मधे वाळू द्यायचं. चार दिवस राहावं लागेल मला.”

“तीन मार,” सुतार म्हणाला.