यादीतला दुसरा रायटर

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगतो. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलं, स्वतःबद्दल एक ओळ नाही. आणि माझ्याबद्दल सांगण्यासारखं आहे तरी काय? मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात वरच्या खणात राहतो. बटण दाबलं की वेडावून दाखवल्यासारखी जीभ बाहेर काढतो, चकती ठेवली की आत घेतो. संपलं. तुमच्यातल्या काहींनी तर माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल.

पण मित्रांनो, मास्तरांचं जे झालं ते पोटात राहत नाही. म्हणून बसलोय. सलग नाही जमणार. जमेल तसं सांगतो, सांभाळून घ्या.

कारखान्याचं फार आठवत नाही. लांबलचक टेबलं, पांढरे हातमोजे, आणि एक बाई. माझा डोळा, म्हणजे चकतीवरचं वाचणारं भिंग, मसुराच्या दाण्याएवढा. तो बसवताना तिने श्वास रोखून धरला होता. नीट बसल्यावर सोडला, तो मला लागला. बस, तेवढीच आईची आठवण म्हणायची.

तिथून मी आलो तो थेट ताईंकडे.

ताई बोलायला शिकवतात. म्हणजे ज्यांची वाचा गेली, अडकली किंवा आलीच नाही, अशा माणसांना. त्यांच्या खोलीत औषधाची एक बाटली नाही. भिंतीवर मोठा आरसा, तोंड कसं हलतं ते बघायला. टेबलावर मेणबत्ती, फुंकर मारायला. एका डब्यात प्लास्टिकची जनावरं, त्यातल्या घोड्याचा पाय तुटलेला. आणि कोपऱ्यात आम्ही.

ताईंची एक पद्धत होती. बाजारात तयार चित्रं मिळतात, सफरचंद, विमान वगैरे. ताई ती वापरत नसत. त्या म्हणायच्या, माणसाला आधी स्वतःचा पेला मागता आला पाहिजे, विमान नंतर. मग घरच्यांकडून फोटो मागवायच्या. त्याचाच पेला, त्याचीच खाट, त्याच्याच घराचं दार. प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागोमाग लावायच्या, आणि प्रत्येक फोटोवर घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात तो शब्द. एकदा शब्द. मग शांतता, त्याने म्हणून बघायला. मग परत शब्द. त्या शांततेसाठी ताई फार भांडायच्या. नातेवाईक म्हणायचे, एवढा वेळ गप्प कशाला? ताई म्हणायच्या, तो गप्प नाहीये, शोधतोय.

असं सगळं जुळवून झालं की त्याची सीडी करायची. खरं तर डीव्हीडी, पण सगळे सीडीच म्हणतात, मीही म्हणतो. तेवढं माझं काम. मी मधून सुरुवात करतो आणि गोल गोल लिहीत कडेला येतो. म्हणजे पहिले फोटो आत, शेवटचे कडेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चांगले दिवस होते. एक मुलगी माझ्या सीडीवरून "आजी" म्हणायला शिकली, तेव्हा ताईंनी डब्यावर थाप मारली होती. मी दिवसभर उगाच जीभ आतबाहेर करावी की काय, असं झालं होतं.

मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. एका सकाळी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. डोकं मात्र शाबूत. सगळं कळायचं, सगळं आठवायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, दोरा. भूक लागली, दोरा. पंखा लावा, दोरा. ताईंनी नाव विचारलं तर मास्तरांनी छाती पुढे काढून, अगदी रुबाबात सांगितलं, दोरा. आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून हसले. ताईही हसल्या. सोबत आलेल्या सुनेला काही हसू आलं नाही. तिने पदर तोंडाला लावला.

त्यांची पहिली सीडी मी लिहिली. मास्तर समोरच बसले होते. माझा नारिंगी दिवा लुकलुकत होता, आणि ते मशीनवर शिलाई बघावी तसे माझ्याकडे एकटक बघत होते. एवढं लक्ष देऊन माझ्याकडे कधीच कुणी बघितलं नव्हतं. ती सीडी त्यांच्या घरी, टीव्हीखालच्या जुनाट प्लेअरवर, महिनाभर चालली. पाणी मागताना "दोरा"च्या जागी "पा" यायला लागलं. पाण्यातलं पा. ताई खूश.

याच सुमारास कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. म्हणाला, "ताई, हा वरचा म्हातारा झाला. एक सीडी लिहीपर्यंत माझं जेवण होतं." आणि खालच्या खणात नवा रायटर बसवून गेला. निळा दिवा, मऊ ट्रे, वेग तर विचारू नका. मी त्याला धाकटा म्हणतो. स्वभावाने गरीब. पहिल्याच दिवशी विचारलं त्याने, दादा, तुमची जागा घेतली का मी? मी म्हटलं, नाही रे, जागा तर खालची होती.

पण घेतली होती. सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी यादी असते, कोणत्या रायटरवर लिहायचं त्याची. नवा आला तशी त्या यादीत बरोबरची खूण आपोआप त्याच्यापुढे गेली. मी दुसरा. ताईंनी ती यादी कधी उघडलीच नाही. कशाला उघडतील? सीडी झटपट होत होती, शेवटी "काम पूर्ण" असं येत होतं. मी तोंड मिटून बसलो. धूळ बसली, ट्रे आखडला.

मास्तरांची दुसरी सीडी धाकट्याने लिहिली. पहिले काही शब्द जुनेच, उजळणीला. पुढे नवे, गरजेचे. दुखतंय. नको. थंडी वाजते. शेवटी नातीचा फोटो आणि तिचं नाव.

आणि मास्तर अडले.

आठवड्यामागून आठवडे गेले, एक नवा शब्द येईना. सून सांगायची, आम्ही दोघं कामावर जातो, बाबा दिवसभर एकटे. संध्याकाळी विचारते, सराव केलात का? तर मान हलवतात, दोरा दोरा करतात, टीव्हीकडे बोट दाखवून चिडतात. एकदा तिने स्वतः लावून दिली सीडी. पहिला फोटो आला, तो बघून ती भाकरी टाकायला गेली. परत आली तर मास्तर टीव्हीकडे पाठ करून बसलेले. ताईंनी सीडी इथे आमच्या कॉम्प्युटरवर लावून बघितली. शेवटपर्यंत मस्त चालली. मग उरलं काय? मास्तरांनाच नकोय.

मास्तरांच्या मुलाने निरोप पाठवला की बाबांना आता त्रास नको, या महिन्यानंतर बंद करू. ते शब्द आता यायचे नाहीत, आपण मान्य करू या. तो वाईट नव्हता हो. थकला होता. ताईंनी शेवटचं एकदा घेऊन यायला सांगितलं.

मास्तर आले ते सीडी शर्टाच्या खिशात घालून. सून रागावली, बाबा, ओरखडे पडतात अशाने. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ताईंकडे सरकवली.

"दोरा," म्हणाले. "दोरा, दोरा."

ताईंनी ती धाकट्याच्या ट्रेमध्ये ठेवली. पेला आला, खाट आली, दार आलं. मग "दुखतंय". मग "नको". मास्तर खुर्चीत पुढे झाले. "थंडी वाजते". नात. तिचं नाव. संपली.

"बघा बाबा, चालतेय ना?" सून हळूच म्हणाली.

मित्रांनो, मास्तरांचा तो चेहरा मला विसरता येत नाही. सगळ्या घरात त्यांनाच माहीत होतं की सीडी चालत नाही, आणि आता सगळ्यांसमोर ती चालली होती. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि परत यायचे नाहीत.

ते उठले. पण दाराकडे गेले नाहीत. टेबलाला धरून धरून आमच्याकडे आले, गुडघे कडकड वाजवत खाली बसले आणि डाव्या हाताच्या बोटाने माझ्या दारावर टकटक केलं. धाकट्याकडे बघून बोट नाही नाही असं हलवलं. परत माझ्यावर टकटक.

"बाबा, उठा, काय करताय," सून म्हणाली.

"थांबा," ताई म्हणाल्या. "शोधतायत ते."

त्यांनी माझं बटण दाबलं. ट्रे अर्ध्यात अडकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी नखाने, उसवताना कापड धरतात तसं, अलगद ओढलं. आला बाहेर. त्यांनी स्वतः सीडी ठेवली.

पेला दिसला. खाट दिसली. दार दिसलं. आणि पुढे मला वाचता येईना. धाकट्याने वाऱ्यासारखं लिहिलेलं, कडेकडेला अक्षर फाकलेलं. त्याचं लिहिलेलं त्याला दिसतं, माझ्या म्हाताऱ्या डोळ्याला दिसेना. इतक्या दिवसांनी कुणी काम दिलं, आणि मी तोंडघशी! मी जीव तोडून प्रयत्न केला. घरघर केली, मागे गेलो, पुन्हा आलो. पडद्यावर नुसतं दार, अर्धं उघडं. "दुखतंय" काही येईना.

लाजेने मी थांबलो. आणि मास्तर टाळी वाजवायला गेले. उजवा उठला नाही, मग डाव्याने मांडीवर थाप मारली. पडद्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या घराच्या दिशेने दाखवलं, परत पडद्याकडे. डोळ्यातून पाणी आणि तोंडभर हसू.

"घरी असं होतं?" ताईंनी विचारलं. "रोज? इथेच अडकतं?"

मास्तर इतका वेळ मान हलवत राहिले की शेवटी सुनेनेच त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग ती रडली. म्हणाली, "बाबा, रोज तुम्ही सांगत होता आणि मी रोज तुम्हालाच बोलत होते."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दोरा," म्हणाले. या वेळी सगळ्यांना कळलं.

घरच्या प्लेअरचा डोळाही माझ्यासारखाच म्हातारा, पण मास्तरांना डोळ्याचं, धाकट्याच्या वेगाचं काही माहीत नव्हतं. जी सीडी घरी चालली ती नारिंगी दिव्याने केली होती, एवढंच त्यांनी बघून ठेवलं होतं. आणि त्या धाग्याला धरून, एकही शब्द हाताशी नसताना, ते एवढ्या लांब आले. माझं म्हणाल तर आयुष्यात पहिल्यांदा मला अडखळल्याबद्दल शाबासकी मिळाली. ती खोली अशीच आहे म्हणा. तिथे अडखळण्याला कुणी हसत नाही.

ताईंनी ती यादी उघडली. दोन नावं. त्यांनी खूण धाकट्यापुढून काढून माझ्यापुढे केली आणि वेग सगळ्यात कमी ठेवला. मी लिहायला बसलो. सावकाश, पाटीवर गिरवतात तसं. सुनेने घरच्या प्लेअरवर ती सीडी शेवटच्या फोटोपर्यंत समोर बसून बघितली आणि मग फोन केला की चालली.

पण ताईंचं खरं मोठेपण मला त्यानंतर दिसलं. नवा रायटर आल्यापासून ज्यांना ज्यांना सीडी दिली होती, त्या सगळ्यांना त्यांनी फोन केले. माझ्याकडून चूक झाली असेल, जरा शेवटपर्यंत लावून बघता का, असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी कुरकुरलं असतं तर ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. आणखी दोघांकडे तसंच निघालं. दोघांनाही आळशी ठरवून झालं होतं.

महिना संपल्यावर मास्तरांना घेऊन मुलगा स्वतः आला. बंद करायचं नाव नाही. सांगत होता, "काल जेवताना मी आग्रह करून ताटात वाढायला गेलो, तर बाबांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, नको."

"मग?" ताईंनी विचारलं.

"मग काय, मी मुद्दाम परत वाढायला गेलो. परत म्हणाले. चार वेळा नको म्हणवून घेतलं. शेवटी माझ्यावर खेकसले."

मास्तर बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नको." म्हणजे, पुरे आता.

त्या दिवशी सगळे गेल्यावर धाकट्याचा निळा दिवा उगाच लुकलुकत होता. मी विचारलं, काय झालं रे. म्हणाला, "दादा, मला खरंच कळलं नव्हतं. मी लिहून झाल्यावर तपासलं होतं. मला सगळं नीट दिसत होतं, म्हणून 'काम पूर्ण' म्हटलं."

त्याला कसा दोष देणार? आपलं अक्षर आपल्याला लागतंच. मी त्याला म्हटलं, तू खोटं नाही बोललास. फक्त, ज्याला वाचायचंय त्याचा डोळा कसा आहे, हे आपण दोघांनीही कधी विचारलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता यादीत तुमचंच नाव. पण तुम्हीही थकत चाललाय."

खरं आहे ते. मला माहीत आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ अधूनमधून पुसा, ट्रे ढकलून बंद करू नका, एवढं मी तुमच्याकडे मागेन. बाकीचं मला स्वतःलाच सांभाळायचंय, आणि ते मी धाकट्याला शब्द देऊन ठरवलंय. त्याला म्हटलं, ज्या दिवशी माझी एक ओळ जरी फाकली, त्या दिवशी मी "काम पूर्ण" म्हणणार नाही. मध्येच थांबेन, सगळ्यांसमोर, लाज वाटली तरी. ताई यादी उघडतील आणि तुझं नाव निवडतील. तू फक्त हळू लिही.