दोन बादशहांवर बसलेले वजन

मित्रांनो, त्या रविवारी दुपारी माझ्याखाली दोन बादशहा होते, एक इस्पिकचा आणि एक बदामाचा. असा जोड हाती आला की भलेभले श्वास रोखून बसतात. माझ्या धन्यांनी मात्र मला पानांवरून उचलले, दोन्ही पाने उपडीच पुढे सरकवली आणि म्हणाले, "घे बाई, जिंकलीस."

समोर त्यांची एकुलती एक मुलगी बसली होती. शेवटी दोघेच उरले होते, त्यामुळे कप तिचा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने कपाला हातही लावला नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत निव्वळ किळस होती.

मी एक जुने पितळी वजन आहे, पन्नास ग्रॅमचे. ओतशाळेतल्या वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. कानशीने माझ्या कडा घासल्या गेल्या, तपासनिसाने माझ्या अंगावर छाप उठवला आणि मी एका औषधाच्या दुकानात आले. तिथे माझे धनी औषधांच्या पुड्या बांधत. वर्षानुवर्षे मी तराजूच्या पारड्यात बसले, आणि माझ्यामुळे कुणाच्या पुडीत चिमूटभर कमी पडले नाही की जास्त गेले नाही. हे मी अभिमानाने सांगते, कारण पुढचे सगळे आयुष्य मी खोटे बोलणाऱ्यांच्या टेबलावर काढले आहे.

पुढे दुकानात विजेचा काटा आला. ज्या हातांनी मला रोज पुसले, त्याच हातांनी मला खणात टाकले. बाटल्यांची बुचे आणि वाळलेल्या डिंकाच्या खड्यांबरोबर मी कुजत पडले. धनी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मालकाकडे निरोपाची भेट म्हणून मलाच मागितले. मालक हसला, "अहो, घड्याळ आणलंय तुमच्यासाठी!" धनी म्हणाले, "घड्याळ तुम्हाला राहू द्या. तुम्हाला वेळ नसतो."

मला वाटले, आता कपाटात मानाने बसेन. कसले काय! धनी मला घेऊन गेले ते एका क्लबाच्या हॉलवर, पोकर खेळायला.

हा खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पाने गुप्त, मधे पाच पाने सगळ्यांची. सर्वांना सुरुवातीला सारख्याच प्लॅस्टिकच्या चकत्या मिळतात. त्या संपल्या की उठायचे. शेवटी उरेल त्याला कप; दोघेच उरले असता एकाने पाने उपडी सरकवून हार मानली, तरी कप दुसऱ्याचा. पैशांचा संबंध नाही. आपली पाने चुकून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांवर काहीतरी जड ठेवायची पद्धत असते. धन्यांनी मला ठेवले. पाने चांगली असली की ते मला कोपऱ्यावर ठेवत, भिकार असली की मधोमध. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. फक्त मुलीच्या ध्यानात आले होते, आणि ती कधी बोलली नव्हती.

त्या टेबलाचा मला वीट आला होता. एक बेकरीवाला होता, दोन लाल पाने दिसली की सगळ्या चकत्या पुढे लोटायचा आणि हरल्यावर म्हणायचा, "लाल होती हो, म्हटलं बघू." तो निदान निर्मळ होता. खरी शिसारी यायची ती फर्निचरवाल्याची. समोर त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत, पाठीमागे नाटक्या. चांगली पाने आली की तो उसासे टाकायचा, हात थरथरवायचा, कपाळ पुसायचा. कुणी नवखे माणूस फसून आपली पाने उघडी करायचे. मग नाटक्या पडलेल्या चेहऱ्याने क्षणभर बसून राहायचा, त्या बिचाऱ्याला जिंकल्याचा आनंद पुरता होऊ द्यायचा, आणि मग आपले एकेक पान सावकाश उलटायचा. त्याची तेलकट बोटे एकदा मला लागली होती. अजून तो डाग गेलेला नाही असे मला वाटते.

धनी याच्या उलट. नवखे माणूस पहिल्यांदा आले की ते एखादा जिंकणारा हात गुपचूप टाकून देत. मुलीला हेही सहन होत नसे.

"बाबा, ही दया नाही, अपमान आहे समोरच्याचा."

"अगं, पोहायला आलेल्याला पहिल्याच दिवशी कुणी बुडवतं का?"

"मला असं कधी सोडलंत ना, तर परत तुमच्यासमोर बसणार नाही."

"तुला सोडायला मी काय वेडा आहे? दात पाडलेस तू माझे दोनदा."

म्हणजे त्यांनी शब्द दिला होता. म्हणून त्या रविवारी मला कोपऱ्यावरून उचलून त्यांनी पाने टाकली, तेव्हा ती आतून पेटली. पायऱ्यांवर धन्यांनी मला तिच्यापुढे धरले. "हे घे जरा. खिशात जड होतंय."

मित्रांनो, मी त्यांना कधीच जड झाले नव्हते. त्यांचा तळवा घामाने चिंब होता आणि बर्फासारखा गार. तिचा हात त्याला लागला. ओल्या शेवाळाला लागावा तसा तिने तो मागे घेतला, मला चिमटीत धरले, रुमालाने हात पुसला आणि ती पुढे चालू लागली.

"अगं, हळू चाल ना," मागून आवाज आला. तिला वाटले, मनधरणी चालली आहे. ती थांबली नाही.

सकाळी त्यांचा चहा गार झाला तरी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे दुखणे आदल्या दुपारीच सुरू झाले असणार. त्यांनी अंगावर काढले. मुलगी आपला तळहात उघडून बघत राहिली.

भेटायला सगळे आले. नाटक्या धन्यांच्याच खुर्चीत बसला, बिस्किटांचा भुगा मांडीवर सांडत म्हणाला, "मऊ होते हो फार. शेवटचा डावसुद्धा तुम्हाला सोडला, कळलं सगळ्यांना. ते वजन देता का मला? लकी आहे ते."

"नाही," ती म्हणाली. तो गेल्यावर तिने खुर्ची साबणाने धुतली.

काही महिन्यांनी क्लबाने धन्यांच्या नावाने स्पर्धा ठेवली. ती मला घेऊन आली. मला वाटते, तिला कप नको होता. तिला नाटक्याला त्या टेबलावरून उठवायचे होते, सर्वांसमक्ष. बेकरीवाला दोन लाल पानांवर लवकरच उठला. एक शिक्षिका पहिल्यांदाच आली होती. नाटक्याने तिला उसाशांनी फसवले, आपली पाने एकेक करून उलटली, आणि तिचे डोळे भरून येईपर्यंत हसला. माझ्या पितळेला घाम फुटायचा राहिला.

शेवटी धन्यांची मुलगी आणि नाटक्या असे दोघे उरले. या वेळी माझ्याखाली दोन एक्के होते. तिने मला मुद्दाम मधोमध ठेवले होते. मधला ढीग वाढत गेला. नाटक्याने उसासा टाकला, कपाळ पुसले. हात थरथरला.

"झालं, सुरू झालं थिएटर!" बेकरीवाला ओरडला. "भाऊसाहेब, तिकीट लावा!"

पाने वाटणाऱ्या बाई एरवी शाळेची बस चालवत. त्याही हसल्या. "चला, लवकर बोला. मला गाडी धुवायचीय."

नाटक्याने दोन्ही पाने उपडीच पुढे सरकवली. "घ्या," तो म्हणाला, "जिंकलात."

टाळ्या झाल्या. चकत्यांचा ढीग तिच्याकडे लोटताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. चिंब, बर्फासारखा गार. त्याच हाताने तो मघाशी त्या शिक्षिकेला हिणवत होता. मला वाटले, ही आता रुमाल काढणार. मी तिच्या जागी असते तर काढला असता.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी पितळ आहे, काळे पडले तरी पन्नास ग्रॅमच भरते. माणसाचे तसे नसते. समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखायला सगळेच शिकतात. तो हातच एकदा धरून बघा, मग तो कितीही नकोसा असो.

तिने रुमाल काढला नाही. टेबलावरून वाकून तिने तो तेलकट, थंडगार हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अहो ताई, कप घ्या ना," बसवाल्या बाई म्हणाल्या.

तिने ऐकले नाही. आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असे ती म्हणाली, "तुमचा हात गार पडलाय. का टाकलीत पानं? खरं सांगा, बरं वाटत नाहीये ना तुम्हाला?"