पत्र्याच्या आतलं नाव

वेंडेलचा हात मोडला असता तर बरं झालं असतं! खोटं कशाला बोलू, त्या शनिवारी माझ्या मनात हेच आलं.

आमच्या आयोवातल्या गावात वॉशिंग मशीनचा कारखाना होता. तो बंद पडला, पण जुनी मशिनं जमवणारे आम्ही सात-आठ वेडे अजून आहोत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी तळघरात जमायचं, घरून मळके कपडे न्यायचे आणि जुन्या मशिनांत धुवायचे. स्वच्छ कपडे घेऊन कुणी आलाच तर त्याची खैर नसते.

माझी आई त्याच कारखान्यात होती. तिथल्या बायका पुढचा पत्रा बसवण्याआधी आत निळ्या खडूने गुपचूप नाव लिहायच्या. बाई पोटुशी दिसली की कामावरून काढायचे. आईने शेवटच्या दिवशी लिहिलं होतं, 'बर्निस टेग्टमायर. उद्यापासून घरी. बाळ ऑक्टोबरात.' ते बाळ म्हणजे मी. मी दोन वर्षांची असताना ती गेली. तिच्या हातचं अक्षर म्हणाल तर जगात एवढंच. तिच्या शेजारी काम करणाऱ्या मावशीने सांगितलं म्हणून एकोणीस वर्षं मी शेतांवरची कोठारं धुंडाळली, दिसेल त्या मशीनचा पत्रा उघडला. मार्चमध्ये आईचं अक्षर असलेलं ते मशीन सापडलं, तर मोटर जाम!

मोटरीतलं कळतं ते फक्त वेंडेलला. त्याला बजावलं, "मोटर तेवढी फिरती कर. बाकी कशाला हात लावू नकोस, आत तर मुळीच नाही."

"अगं लव्हॉन, मी काय आज करतोय का हे?" म्हणाला.

शनिवारी सगळे त्याच्या तळघरात टोपल्या घेऊन उभे. मशीन नुसतं लखलखत होतं. स्वारीने ऐटीत पुढचा पत्रा काढला. "आतसुद्धा बघ! कारखान्यातून निघालं तेव्हाही इतकं चकचकीत नसेल."

आत पांढराशुभ्र रंग. बाकी काही नाही.

"इथं लिहिलेलं कुठाय?"

"ते खडूचं गिरबटलेलं? गंजाबरोबर घासून काढलं."

"गिरबटलेलं? माझी आई होती ती, मेल्या!"

त्याची बायको ओपल मध्ये पडली. "एवढं काय गं? तीन आठवडे खपलाय तो त्याच्यावर."

"कुणी सांगितलं होतं खपायला? नको म्हणून सांगितलं होतं ना!" मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याची तीस मशिनं ओळीने उभी होती. "आणि ही? ही पण आतून अशीच घासलीस?"

वेंडेलने त्या ओळीकडे पाहिलं. एकेका मशीनवरून त्याची नजर फिरली आणि त्याचा चेहरा पडला. मला जरासुद्धा दया आली नाही.

थोड्या वेळाने तो निळा खडू घेऊन आला. "तूच लिही परत. तेच शब्द. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना!"

खडू हिसकावून घेतला आणि गुडघ्यांवर बसले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथे बर्निस टेग्टमायरने लिहिलं होतं. ते वेंडेल क्रौसने पुसलं.' खाली तारीख घातली, माझी सही केली आणि खडू त्याच्या हातात कोंबला.

"आता हे पूस," म्हटलं.